भाड्याच्या घराची फाईल

शहरात भाड्याचे घर मिळवायचे तर प्रथम एक फाईल तयार करावी लागते. आधार ओळखपत्र, पॅन कार्ड, नोकरीच्या ठिकाणचे ओळखपत्र, नेमणुकीचे पत्र, मागील तीन महिन्यांची पगारपत्रके, सहा महिन्यांचे बँकेचे उतारे, प्राप्तिकराचे विवरणपत्र, मूळ गावच्या पत्त्याचा पुरावा, छायाचित्रे, दोन परिचितांची नावे व दूरध्वनी क्रमांक, आणि पुष्कळदा पूर्वीच्या घरमालकाची चिठ्ठी. जोडप्याकडून विवाहाचा दाखला मागितला जातो, अविवाहित मुलीकडून आईवडिलांचे संमतिपत्र. नोकरीसाठी मुंबई-पुण्यात आलेल्या तरुणांना ही यादी तोंडपाठ असते. यातला प्रत्येक कागद सुटा पाहिला तर निरुपद्रवी वाटतो. सगळे एकत्र मांडले म्हणजे मात्र त्यांतून एक सामाजिक व्यवहार दिसू लागतो. त्याची दखल आपल्या चळवळीने अद्याप पुरेशी घेतलेली नाही, असे माझे नम्र मत आहे.

घरांच्या प्रश्नावर समाजवाद्यांनी काम केले नाही असे नव्हे. मृणालताई गोरे आणि बाबूराव सामंत यांच्या नागरी निवारा परिषदेने कमाल जमीनधारणा कायद्याचा आधार घेऊन गोरेगावात दिंडोशीला हजारो कुटुंबांची घरे उभी केली, हा आपल्या अभिमानाचा विषय आहे. तो १९७६ चा कायदाच महाराष्ट्रात २००७ साली गुंडाळला गेला. झोपडपट्टीवासीयांचे लढे झाले, गिरणी कामगारांच्या घरांचे झाले. परंतु भाडेकरू हा आपल्या विचारातून जवळजवळ निसटला. चाळीतला जुना भाडेकरू आपल्याला ठाऊक आहे. अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा, दर वर्षी फाईल घेऊन नव्या दारात उभा राहणारा भाडेकरू आपल्याला ठाऊक नाही. केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीत नमूद केल्याप्रमाणे, भारतीय शहरांतील घरांत भाड्याच्या घरांचे प्रमाण १९६१ मध्ये ५४ टक्के होते, ते २०११ पर्यंत २८ टक्क्यांवर आले. तरीही शहरांतील चार कुटुंबांमागे एकाहून अधिक कुटुंब भाड्याने राहते, असाच या आकड्याचा अर्थ आहे. आणि शहरात नव्याने येणारा श्रमिक, विद्यार्थी, एकटी स्त्री ही सारी त्यांतच असतात.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. भाड्याच्या घराचा कागदी व्यवहार आज एकतर्फी झाला आहे. भाडेकरूने आपले सर्व आयुष्य उघड करून मांडायचे, मालकाने काहीच दाखवायचे नाही. आणि जो एक कागद करणे कायद्याने मालकावर बंधनकारक आहे, ज्याचा भाडेकरूला खरा उपयोग आहे, तो नोंदणीकृत करारच नेमका टाळला जातो. यास्तव कागदांना नाके मुरडण्यापेक्षा ते दोन्ही बाजूंनी आणि कायद्याच्या चौकटीत आणण्याची मागणी आपण केली पाहिजे.

भीतीचा इतिहास

मालक इतके कागद का मागतो, असे विचारले तर उत्तर ठरलेले असते : उद्या हा माणूस घर सोडणार नाही. ही भीती निराधार होती असे म्हणता येणार नाही. तिला इतिहास आहे.

पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईत भाडी भडकली, तेव्हा १९१८ साली भाड्यावर निर्बंध घालणारा पहिला कायदा मुंबई इलाख्यात आला. पुढे १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाड्याचा पाया १ सप्टेंबर १९४० या दिवशीच्या भाड्याशी बांधला. फाळणीची आणि टंचाईची ती वर्षे होती. भाडेकरूला रस्त्यावर येऊ न देण्याचा कायद्याचा हेतू निःसंशय योग्य होता. परंतु तात्पुरत्या म्हणून आलेल्या या कायद्याला पुनःपुन्हा मुदतवाढ मिळत गेली आणि भाडे मात्र १९४० सालीच थांबले. मालकाने दुरुस्ती सोडून दिली आणि भाड्याऐवजी पागडी घेतली. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात भाडे असे गोठवणाऱ्या तरतुदी कालौघात अवाजवी व मनमानी झाल्या आहेत, असा निर्वाळा दिला.

याच काळात 'लिव्ह अँड लायसन्स' नावाची पळवाट रूढ झाली. राहणाऱ्याला भाडेकरू म्हणायचेच नाही; त्याला केवळ राहण्याची परवानगी दिली आहे असे कागदावर लिहायचे. १९७३ साली शासनाने कायदा दुरुस्त करून १ फेब्रुवारी १९७३ रोजी अशा परवान्यावर राहत असलेल्यांना भाडेकरू मानले. हजारो कुटुंबांना त्याने संरक्षण मिळाले, आणि मालकवर्गाच्या मनात मात्र धास्ती कायमची बसली.

परंतु त्यानंतर पुलाखालून पुष्कळ पाणी गेले आहे. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अमलात आहे. त्याच्या कलम २४ अन्वये परवान्याची मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्याविरुद्ध मालक थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो. लेखी करारातील मजकूर हाच निर्णायक पुरावा धरला जातो. आणि मुदतीनंतर राहणाऱ्याला दुप्पट दराने नुकसानभरपाई भरावी लागते. म्हणजे ज्या भीतीपोटी कागद मागायला सुरुवात झाली, तिच्यावर कायद्याने मालकाच्या हाती जालीम औषध दिलेले आहे. मग कागदांची यादी आखूड व्हायला हवी होती. ती लांबत गेली. असे का झाले, हा खरा प्रश्न आहे.

कायदा किती कागद मागतो?

उत्तर शोधण्यापूर्वी कायद्याला प्रत्यक्षात काय हवे ते पाहू. कराराच्या नोंदणीसाठी दोन्ही पक्षांची ओळख, मिळकतीचा तपशील, छायाचित्र व अंगठ्याचा ठसा, आणि ओळख पटवणारे दोन साक्षीदार लागतात. ही नोंदणी आता संगणकाद्वारे घरबसल्याही होते. भाडेकरूची माहिती ठाण्याला कळवावी असे आदेश शहरोशहरीचे पोलीस आयुक्त वेळोवेळी काढतात. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. या आदेशांत माहिती कळवण्याची जबाबदारी मालकावर टाकलेली असते. सोसायटीला कराराची प्रत व राहणाऱ्यांची माहिती द्यावी लागते. मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क घेते, तेही २००१ च्या शासकीय आदेशानुसार सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक असू शकत नाही.

बस, इतकेच. पगारपत्रक, बँकेचे सहा महिन्यांचे उतारे, विवाहाचा दाखला, वडिलांचे संमतिपत्र यांपैकी एकही कागद कायदा मागत नाही. भाडेकरूला समितीपुढे बसवून त्याची मुलाखत घेण्याचा अधिकार सोसायटीच्या चिटणिसाला कोणत्याही कायद्याने दिलेला नाही.

भाडे नियमित मिळेल की नाही, याची खात्री करून घेण्याचा मालकाला हक्क आहे, हे मी मान्य करतो. उत्पन्नाचा एखादा पुरावा मागणे अवाजवी नव्हे. परंतु एक तुलना पाहा. बँकेत खाते उघडायला कोणते कागद लागतात, हे शाखेचा व्यवस्थापक आपल्या लहरीने ठरवत नाही. ओळखीची ग्राह्य कागदपत्रे कोणती, ते रिझर्व्ह बँक ठरवते आणि ती यादी सर्वांना माहीत असते. भाड्याच्या घराला अशी यादीच नाही. म्हणून आज एक कागद दिला की उद्या दुसरा मागता येतो, आणि नकाराचे कारण कधीही सांगावे लागत नाही.

अर्थशास्त्राच्या वर्गात माहितीच्या विषमतेचा सिद्धांत शिकवताना जॉर्ज अकरलॉफ यांच्या १९७० च्या निबंधातले जुन्या मोटारींचे उदाहरण देण्याचा प्रघात आहे : विकणाऱ्याला गाडीचे दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. भाड्याच्या बाजारात अज्ञान दोन्हीकडे असते. मालकाला भाडेकरू ठाऊक नसतो. पण भाडेकरूला तरी मालक कुठे ठाऊक असतो? घर खरोखर त्याच्या नावावर आहे काय, बँकेकडे गहाण आहे काय, मालमत्ता कर व सोसायटीची देणी थकली आहेत काय, अनामत रक्कम परत करण्याची त्याची ऐपत व दानत आहे काय, यांपैकी एकाही गोष्टीचा पुरावा भाडेकरू सहसा मागत नाही. मागितला तर घर दुसऱ्याला जाते. मुंबईत मोठी अनामत रक्कम घेऊन भाडे नाममात्र ठेवण्याची जी पद्धत आहे, तिच्यात तर भाडेकरू कित्येक लक्ष रुपये अशा माणसाच्या हाती देतो, ज्याच्या मालकीचा कागद त्याने डोळ्यांनी पाहिलेला नसतो. अज्ञान दोघांचे, झडती मात्र एकाची, असा हा प्रकार आहे.

चाळणी

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मालकाची जुनी भीती कायद्याने शमवली असताना यादी का लांबली? माझ्या मते या कागदांचे काम बदलले आहे. पैसा बुडू नये यासाठी सुरू झालेली चौकशी आता माणसे वेगळी काढण्याची चाळणी झाली आहे. तोंडाने नकार देणे अलीकडे थोडे अवघड झाले आहे. "तुमचे कागद अपुरे आहेत" असे म्हणणे सोपे आहे.

या चाळणीतून प्रथम गळतो तो असंघटित श्रमिक. आपल्या देशात काम करणाऱ्या दहा जणांपैकी नऊंच्या आसपास असंघटित स्वरूपाच्या रोजगारात आहेत. रिक्षाचालक, घरकाम करणारी बाई, बांधकामावरचा गवंडी, घरोघरी पार्सल पोचवणारा मुलगा यांना पगारपत्रक कोण देणार? त्यातला एखादा महिन्याला नियमित भाडे भरण्याइतके कमावत असेल, वर्षानुवर्षे त्याने एकही हप्ता चुकवला नसेल. पण त्याच्या प्रामाणिकपणाला शिक्का मारलेला कागद नाही. घरकामगारांसाठी महाराष्ट्राने २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा केला, २०२१ पासून केंद्राचे ई-श्रम कार्ड आले. ही शासनाचीच ओळखपत्रे आहेत, परंतु घराच्या बाजारात त्यांना किंमत नाही.

दुसरी गळते ती एकटी स्त्री. परित्यक्ता असेल तर पतीचा कागद कोठून आणणार? अविवाहित असेल तर तिच्या स्वतःच्या सहीपेक्षा वडिलांच्या सहीला मोल अधिक. अठराव्या वर्षी जिला देशाचे सरकार निवडण्याचा अधिकार मिळतो, तिला तिसाव्या वर्षीही दोन खोल्या घेण्यासाठी पालक हजर करावा लागतो.

आणि तिसरे गळतात ते ज्यांचे नावच त्यांच्याविरुद्धचा पुरावा ठरते. फाईल उघडताच आडनाव वाचले जाते. पुढचे कागद वाचण्याची गरजच उरत नाही. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचा अभ्यास करून परतलेल्या डॉ. आंबेडकरांना १९१७ साली बडोद्यात नोकरीवर रुजू होताना राहायला जागा मिळाली नाही. त्यांना पारशी नाव घेऊन पारशांच्या धर्मशाळेत उतरावे लागले, आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. ही हकिगत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. विद्या, पदवी, पगाराची नोकरी, संस्थानाचे आश्रयपत्र हे सारे त्यांच्यापाशी होते. एका नावापुढे त्यांपैकी कशाचाही उपयोग झाला नाही.

शंभर वर्षांनी परिस्थिती किती पालटली? डॉ. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व भोवतालच्या शहरांत केलेला अभ्यास २०१५ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त प्रसिद्ध झाला. तेच घर विचारणाऱ्या उच्चवर्णीय, दलित आणि मुस्लिम अर्जदारांना मिळणाऱ्या उत्तरांची त्यात तुलना होती. दलितांना नकार मिळाले, मुस्लिमांना त्याहून अधिक मिळाले, आणि ज्यांना होकार मिळाला त्यांपैकीही काहींना अधिक जाचक अटी घातल्या गेल्या. मुंबई-पुण्याचा अनुभव याहून निराळा आहे असे म्हणायला छाती हवी. "फक्त शाकाहारी कुटुंबाला" ही जाहिरात आपण सर्वांनी वाचलेली आहे आणि तिचा अर्थही आपल्याला कळतो.

कायदा येथे अर्धवट आहे. नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ अन्वये अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणालाही कोणत्याही वस्तीत राहण्यास मज्जाव करणे हा गुन्हा आहे; पण नकाराचे कारणच सांगितले जात नसल्याने तो सिद्ध होणे कठीण. धर्म, लिंग, वैवाहिक स्थिती यांवरून खाजगी मालकाने घर नाकारल्यास त्याला अडवणारी सुस्पष्ट तरतूद नाही. घटनेच्या अनुच्छेद १५ मध्ये दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, रस्ते यांचा उल्लेख आहे, भाड्याच्या घराचा नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवणारा उपविधी वैध ठरवला. १९४७ साली साने गुरुजींनी पंढरपूरच्या मंदिराचे दार अस्पृश्यांना उघडावे म्हणून प्राण पणाला लावले. मंदिराचे दार उघडले. भाड्याच्या घराचे दार अजून आडनाव विचारूनच उघडते.

न मिळणारा कागद

भाडेकरूने एवढे कागद दिल्यावर त्याला परत एक कागद मिळायला हवा : नोंदणीकृत करार. १९९९ च्या अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी असणे व त्याची नोंदणी होणे सक्तीचे आहे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. शिवाय नोंदणी नसेल तर, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, कराराच्या अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. भाडेकरूच्या बाजूचे इतके स्पष्ट कलम क्वचितच आढळते, आणि ते माहीत असलेला भाडेकरूही क्वचितच आढळतो.

अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, ही समजूत अजून सर्वत्र आहे. १९०८ च्या नोंदणी अधिनियमात एक वर्षाहून अधिक मुदतीचे भाडेपट्टे सक्तीच्या नोंदणीत येतात. त्यातून अकरा महिन्यांची युक्ती निघाली. महाराष्ट्रात तिचा आधार २००० सालीच गेला. तरीही मुद्रांक कागदावर मजकूर टंकून नोटरीचा शिक्का मारायचा आणि तोच करार म्हणून हाती द्यायचा, हा प्रकार सर्रास चालतो.

मालक नोंदणी का टाळतो? खर्चामुळे, असे सांगितले जाते. हिशोब करून पाहू. समजा, भाडे दरमहा १५,००० रुपये, परत मिळणारी अनामत रक्कम ५०,००० रुपये आणि मुदत ११ महिने. एकूण भाडे १,६५,००० रुपये. अनामत रकमेवर वार्षिक १० टक्के दराने धरलेले व्याज सुमारे ४,५८० रुपये. या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे सव्वाचारशे रुपयांच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. सारे मिळून दीड हजाराच्या घरात. याच व्यवहारात दलाल एका महिन्याचे भाडे, म्हणजे १५,००० रुपये, घेऊन जातो आणि त्याबद्दल कोणी तक्रार करीत नाही. तेव्हा खर्च हे निमित्त आहे. भाड्याचे उत्पन्न अधिकृत नोंदीत येऊ नये, हेच कारण पुष्कळदा असते.

या टाळाटाळीची किंमत कोण मोजतो ते पाहा. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे खाजगी शाळांत दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी २५ टक्के जागा आहेत. महाराष्ट्रातील या प्रवेशप्रक्रियेत भाड्याने राहणाऱ्या पालकांकडून निवासाचा पुरावा म्हणून नोंदणीकृत करार मागितला जातो. नोटरीचा कागद चालत नाही. मालकाने दीड हजार रुपयांची नोंदणी टाळली की धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या मुलाचा शाळाप्रवेश हुकतो. शिधापत्रिका, आधारवरील पत्ता, बँकखाते, गॅसजोडणी, सर्वत्र हाच अडसर. घर मिळवायला कागद हवेत, आणि कागद मिळवायला घराचा पत्ता हवा. या वर्तुळात गरीब माणूस फिरत राहतो आणि अकरा महिने झाले की पुन्हा पहिल्या घरावर येतो.

येथे मतदार नोंदणीचे उदाहरण बोलके आहे. राहत्या पत्त्याच्या पुराव्यांत नोंदणीकृत भाडेकरार चालतो. पण ज्याच्याकडे असा कोणताच पुरावा नाही, त्या बेघर माणसाचीही प्रत्यक्ष जागेवर चौकशी करून नोंद करण्याची सोय निवडणूक आयोगाने ठेवली आहे. कागद नसला तरी माणूस असतो, हे तत्त्व राज्यव्यवस्थेच्या पायाशी मान्य आहे. ते घराच्या उंबरठ्यावर नाकारले जाते.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप आपल्याच सहानुभूतिदारांपैकी काहींचा असेल. सगळेच मालक धनाढ्य नसतात. कोणी निवृत्त शिक्षिका, कोणी विधवा, यांचा एका घराच्या भाड्यावर चरितार्थ चालतो. हे खरे आहे, आणि अशा छोट्या मालकाला संरक्षण मिळालेच पाहिजे. परंतु त्याचे संरक्षण नोंदणीकृत करारातच आहे. कलम २४ चा आधार लेखी करारालाच मिळतो. भाडेकरूचा विवाहाचा दाखला कपाटात ठेवल्याने थकलेले भाडे वसूल होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. टंचाई हाच रोग असताना कागदांची चर्चा म्हणजे वरवरची मलमपट्टी नव्हे काय? २०११ च्या जनगणनेत देशाच्या नागरी भागात सुमारे १ कोटी ११ लक्ष घरे रिकामी आढळली होती. रिकाम्या घरांवर कर, सार्वजनिक मालकीची भाड्याची घरे, कामगारांची वसतिगृहे या आपल्या मागण्या कायमच आहेत आणि राहतील. पण उद्या शासनाने भाड्याची घरे बांधली तरी ती वाटताना कागद मागितले जाणारच. झोपडपट्टी पुनर्वसनात १९९५, २००० अशा तारखांच्या पुराव्याअभावी किती कुटुंबे बाहेर राहिली, हे आपण पाहिले आहे. कागदाचा प्रश्न न सोडवता बांधलेली घरे ज्यांच्यापाशी कागद आहेत त्यांनाच मिळतात. तेव्हा हे दोन्ही लढे एकदमच चालले पाहिजेत.

काय मागावे, काय करावे

केंद्र सरकारने जून २०२१ मध्ये आदर्श भाडेदारी कायद्याचा मसुदा संमत करून राज्यांकडे पाठवला. तो राज्यांवर बंधनकारक नाही, आणि भाड्यावर कोणतेही नियंत्रण न ठेवणारा तो कायदा जसाच्या तसा आपण स्वीकारावा असे मी म्हणणार नाही. परंतु निवासी घरासाठी अनामत रक्कम दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी ही त्यातील तरतूद घेण्याजोगी आहे. महाराष्ट्राच्या १९९९ च्या अधिनियमात अशी कमाल मर्यादा नाही. वरच्याच उदाहरणात पहिल्या दिवशी भाडे, अनामत, दलाली व नोंदणी मिळून ८० हजारांहून अधिक रुपये रोख उभे करावे लागतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या मर्यादेचे महत्त्व कळेल.

त्याखेरीज चार मागण्या आपल्या जाहीरनाम्यात असाव्यात. भाडेकरूकडून मागता येणाऱ्या कागदांची यादी नियमाने ठरावी; ओळखीचा एक आणि उत्पन्नाचा एक पुरावा पुरे, आणि त्यांत ई-श्रम व घरकामगार मंडळाचे ओळखपत्र ग्राह्य असावे. मालकाने मालकीचा पुरावा, कर भरल्याची पावती व गहाणाची माहिती कराराला जोडणे सक्तीचे व्हावे. नकार देताना कारण लेखी द्यावे, आणि जात, धर्म, लिंग, वैवाहिक स्थिती वा आहार हे कारण दंडनीय ठरावे. गोळा केलेल्या प्रती करार संपल्यावर परत कराव्यात; व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला आहे, तर दलालाच्या कपाटात पडलेल्या शेकडो आधार-प्रतींना तो लागू करून दाखवावा.

परंतु कायदा होईपर्यंत कार्यकर्त्याने हात जोडून बसण्याचे कारण नाही. पक्षाच्या प्रत्येक प्रभाग कार्यालयात आठवड्यातून एक संध्याकाळ भाडेकरूंसाठी ठेवता येईल. तेथे करायचे काम साधे आहे. फाईल नीट लावून द्यावी. आधारची प्रत पहिले आठ अंक झाकलेली द्यावी, आणि प्रत्येक प्रतीवर "केवळ भाडेकरारासाठी" असे लिहून तारीख व सही घालावी. पगारपत्रक नसलेल्या बाईला ती जेथे काम करते त्या घरांतून उत्पन्नाची पत्रे मिळवून द्यावीत, बँकेचे पासबुक भरून आणायला सांगावे. मालकाकडे सूची क्रमांक दोनचा उतारा, कराची पावती व वीजबिल मागायला शिकवावे. करार वाचून दाखवावा. अनामत रक्कम किती दिवसांत परत मिळणार, रंगकाम कोणाच्या खर्चाने, मुदतीपूर्वी घर सोडल्यास काय, ही कलमे समजावून द्यावीत. भाडे बँकेतूनच द्यावे, रोख दिल्यास पावती घ्यावी. घरात शिरण्याच्या दिवशी भिंती, नळ आणि विजेचा मीटर यांची छायाचित्रे घेऊन ठेवावीत. मालक नोंदणीला नकार देत असेल तर कलम ५५ चा मजकूर त्याला सभ्यपणे दाखवावा. बहुतेक वेळा तेवढ्यावर काम होते. आणि जेथे नाव पाहून दार बंद झाले, तेथे तारीखवार नोंद ठेवावी. अशा नोंदी शेकड्यांनी जमल्या तरच विधिमंडळात प्रश्न विचारताना आपल्या हाती पुरावा असेल.

या कामात घोषणा नाहीत, मोर्चा नाही, वर्तमानपत्रात छायाचित्र येण्याचा संभव नाही. परंतु ज्याला आपण फाईल लावून दिली, ज्याच्या मुलाचा शाळाप्रवेश नोंदणीकृत करारामुळे झाला, तो माणूस पक्षाचा कोण, हे विसरणार नाही. सहकारी पतपेढ्या, ग्राहक पंचायती, झोपडपट्टीतील पाण्याचे नळ यांपासून आपली चळवळ शहरांत रुजली, ती अशाच बारीक कामांनी. पुढच्या जून महिन्यात शाळा-महाविद्यालये उघडतील आणि हजारो माणसे पुन्हा फाईल घेऊन घरे शोधायला निघतील. त्याआधी निदान आपल्या कार्यालयांच्या दारांवर तरी भाडेकरू मदत केंद्राची पाटी लागलेली असावी.